फ्लाय ॲशच्या विटांचा टेस्ट रिपोर्ट आहे म्हणजे माल नियमात बसतो का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात घर बांधताय, वीटवाला मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट दाखवून "सगळं आयएस कोडप्रमाणे (म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे) आहे" म्हणतोय, तर तेवढ्यावर माल उतरवून घ्यावा का. शिवाय आतल्या भिंतींना ते नवीन हलके पॅनेल चालतील का.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं शेवटी लिहितो.

मी सोलापुरातल्याच एका खाजगी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी केली. काँक्रीटचे क्यूब, विटा, सळई, खडी, क्रश सँड, जे येईल ते तपासलं. तुमच्या वीटवाल्याकडे आहे तसले रिपोर्ट मी ढिगाने टाइप केलेत आणि खाली 'तपासणारा' म्हणून सहीही केलीय. अशा प्रत्येक रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते: निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते मर्यादित आहेत, नमुना ग्राहकाने आणून दिला. तुमच्याकडच्या पीडीएफमध्येही असणार, झूम करून बघा. लोक ताकदीचा आकडा, पास, शिक्का एवढंच बघतात. या एका ओळीवरून आमच्या घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून तर एवढं लिहायला बसलोय.

आमचे थोरले साडू, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी जुळे सोलापुरात प्लॉट घेऊन घर काढलं. आरसीसी झाली, स्लॅब झाला, विटांची वेळ आली ती ऐन एप्रिलात. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प झाल्यापासून आपल्याकडे त्या राखेला, म्हणजे फ्लाय ॲशला, तोटा नाही, तेव्हा फ्लाय ॲशच्याच विटा घ्यायच्या हे ठरलेलं होतं आणि ते बरोबरच होतं. लाल विटेपेक्षा माप एकसारखं येतं, प्लास्टरला माल कमी लागतो. वीटवाल्याने साडेसात न्यूटनच्या वर्गाचा (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साडेसात न्यूटन दाब सोसणाऱ्या विटेचा) भाव सांगितला आणि रिपोर्ट पुढे केला. रिपोर्ट आमच्या लॅबचा. खाली सही माझी. अण्णा खूश. घरचाच माणूस तपासणारा, आता काय बघायचं?

पहिला ट्रक आला त्या सकाळी मी सहज गेलो होतो. हमाल विटा उतरवत होते आणि प्रत्येक थराला कोपरे गळत होते, खाली राखाडी चुरा साचलेला. एक वीट उचलून नखाने ओढलं तर नखात भुगा आला. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर आवाज बद्द. मी अण्णांना म्हटलं, थोडं थांबवा, यातल्या काही विटा लॅबला नेतो.

"रिपोर्टवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग आता तुम्हीच तुमच्या सहीवर संशय घेताय होय?"

हमाल थांबून ऐकायला लागले. अक्का, म्हणजे अण्णांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या त्या तशाच ट्रे धरून उभ्या. मी सांगितलं की अण्णा, माझी सही वीटवाल्याने आणून दिलेल्या पाच विटांवर आहे, या ट्रकवर नाही. त्यांना ते पटलं नाही. आजही पटत नाही. प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीत माझ्या शेजारी बसून ते नव्या पाहुण्याला सांगतात, "यांची सही म्हणजे बरं का, पाच विटांपुरती."

थप्पीच्या वरच्या थराला हात न लावता मधल्या आणि खालच्या थरांतून विटा काढल्या, त्यावर मार्करने तारीख घातली, अण्णांची सही घेतली. त्यांनी ती रागाने केली, पण केली. लॅबमध्ये मी स्वतः तपासल्या नाहीत, सहकाऱ्याकडे दिल्या. उद्या पुन्हा माझ्या सहीवरून तमाशा नको.

ही टेस्ट म्हणजे वीट मशीनखाली ठेवली आणि दाबली, असं नसतं. आयएस ३४९५ प्रमाणे वीट आधी २४ तास पाण्यात बुडवायची, मग तिचा फ्रॉग, म्हणजे वरचा खळगा, एकास एक सिमेंट-वाळूने भरायचा, ओल्या गोणपाटाखाली एक दिवस आणि नंतर तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायची. मग वरखाली ३ मिलिमीटर प्लायवूड लावून सावकाश भार द्यायचा. २३० बाय ११० मिलिमीटरची वीट साडेसातच्या वर्गात बसायची तर तिने साधारण १९० किलोन्यूटन घ्यायला हवेत. आमची पहिली वीट शंभर किलोन्यूटनवर काटा गेला आणि कण्हल्यासारखा आवाज करून बसली. काटा मागे आला. पाचांची सरासरी ४.२ आली, सगळ्यात कमी ३.१. आता साडेसातच्या वर्गात सरासरी तर साडेसात लागतेच, शिवाय एकही वीट त्याहून २० टक्क्यांपेक्षा जास्त कमी, म्हणजे ६ च्या खाली, चालत नाही. पाणी शोषण्याची टेस्ट वेगळ्या पाच विटांवर केली. मर्यादा २० टक्के, आलं २४.

वीटवाल्याला बोलावलं. माणूस लबाड नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. म्हणाला, "मालक, तो नमुना दिवाळीतला होता, हा माल आत्ताचा आहे." त्यातच सगळं आलं. राखेची वीट भट्टीत भाजलेली नसते. राख आणि चुना किंवा सिमेंट यांची रिॲक्शन हळूहळू होते आणि तिला दोन-तीन आठवडे ओल लागते. आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआडही नाही, कधीतरी येणार, टँकरला पैसे पडतात, उन्हात पारा ४२-४३ ला, सकाळी मारलेलं पाणी जेवणापर्यंत उडून जातं. हिवाळ्यात नीट पाणी खाल्लेली वीट आणि एप्रिलात आठवड्यात ट्रकमध्ये चढलेली वीट, दोन्ही एकाच साच्यातल्या, एकाच राखेच्या. रिपोर्ट खरा होता. ट्रक वेगळा होता. सप्लायरने स्वतः आणून दिलेला नमुना म्हणजे कांदेपोह्याच्या दिवशीचं घर, त्या दिवशी पडदेसुद्धा धुतलेले असतात.

ट्रक परत गेला. पुढचा माल यायला वेळ लागला, अक्षय तृतीयेचा गृहप्रवेश हुकला. अक्कांच्या माहेरची तिकिटं काढलेली होती. तेव्हापासून अण्णांच्या लेखी मी तो माणूस, ज्याने मुहूर्त घालवला. त्यात भर म्हणजे परत पाठवलेला ट्रक दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या प्लॉटवर रिकामा झाला. तिथे भिंत उभी राहिली, प्लास्टर झालं, रंग झाला. अण्णा मला गाडीवरून जाताना बोट दाखवतात: "बघा, उभी आहे का नाही?"

आहे उभी. पावसाळ्यानंतर तिच्यावर ओलीचे डाग येतात आणि खाली पोपडे सुटतात, तेही अण्णांनी बघावं. भिंत आज उभी असणं ही टेस्ट असती तर कोड लिहायलाच नको होते. किल्लारीची घरंही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत उभीच होती. तो भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाच्या कोडमध्ये, म्हणजे २०१६ च्या आयएस १८९३ मध्ये, सोलापूर झोन तीनमध्ये, मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे.

झोन तीनचा विषय निघालाच आहे तर विटांपेक्षा जास्त लक्ष सळईकडे द्या. तुम्ही सळईचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. पाचशे हा सळईच्या ताकदीचा ग्रेड. दुकानदार म्हणेल, पाचशे म्हणजे पाचशे. तसं नाही. सळईच्या आयएस १७८६ मध्ये एफई ५०० ला ताण देताना तुटेपर्यंत लांबीत होणारी वाढ किमान १२ टक्के लागते आणि एफई ५०० डी ला १६. भूकंपासाठीच्या डिटेलिंगचा आयएस १३९२० कोड किमान १४.५ टक्के मागतो. म्हणजे साधी पाचशे त्यात बसेलच असं नाही, डी घेतली की वाढीचा प्रश्न मिटला. बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर (पोलाद वितळवलेल्या एका खेपेचा नंबर) आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर एकच आहे का बघा. नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच सळईचं. आणि वजन करा. १२ मिलिमीटरची पूर्ण १२ मीटर सळई १०.६५ किलोच्या आसपास भरते. एखादी दहाच्या खाली गेली तर ती कोडबाहेर. यासाठी लॅब लागत नाही, भंगारवाल्याचा काटा पुरतो.

सिमेंट आणि सळईला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कजवळ सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या कारखान्याला, कुठल्या मालासाठी लायसन्स आहे आणि ते चालू आहे का हे कळतं. पत्ता पोत्यावरच्या पत्त्याशी जुळवा. पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं, तीन महिन्यांवर गेलेलं पोतं घेऊ नका. विटांना मात्र मार्कची सक्ती नाही, म्हणून तिथे सगळा खेळ रिपोर्टवर चालतो.

तेव्हा विटांचं असं करा. रिपोर्ट घ्या, पण तो कुठल्या मालाचा आहे ते आधी बघा: राख-चुन्याची वीट असेल तर आयएस १२८९४, राख-सिमेंटची असेल तर आयएस १६७२०. नंबर आणि माल जुळत नसेल तर तिथेच थांबा. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का आणि ती विटांच्या टेस्टसाठीच आहे का, हे एनएबीएलच्या साइटवर दिसतं. नुसता लोगो बघून भुलू नका. मग पहिला ट्रक आला की वेगवेगळ्या थरांतून पंधराएक विटा स्वतः काढा, ताकदीला पाच, पाण्याला पाच, क्षार फुटतात का बघायला पाच. आपल्याकडे बोअरचं पाणी मारतात, तेव्हा ती तिसरी टेस्ट सोडू नका. विटांवर सही करून स्वतः लॅबला नेऊन द्या. खर्च तुमचा. घराच्या खर्चापुढे तो किती, तुम्हीच बघा. वीटवाला "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणाला तर नाही म्हणून सांगा, त्यात लाजायचं काय?

आता अण्णांच्या बाजूचंही एक सांगतो, नाहीतर ते खाली कमेंट करतील. विटांत साडेतीनचा वर्गही आहे. कॉलम-बीमच्या घरात वीट फक्त भरावाची असते, भार तिच्यावर नसतो, आणि तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरने साडेतीन चालेल असं लिहून दिलं असेल तर ४.२ ची वीट ताकदीत पास होते. अण्णांचा माल त्या हिशेबाने ताकदीत बसला असता. पण पैसे साडेसातचे मोजले होते, आणि २४ टक्के पाणी पिणारी वीट कुठल्याच वर्गात बसत नाही. हे दुसरं वाक्य अण्णा कधीच पूर्ण ऐकून घेत नाहीत.

पॅनेलचं थोडक्यात. ज्या मालाला भारतीय मानकच नाही, त्याच्यासाठी दिल्लीच्या बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम-साहित्याच्या संस्थेची पॅक्स नावाची योजना आहे, ती संस्था तपासून प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र मागा, मुदत बघा, आणि त्यात तो माल कशासाठी वापरायचा म्हटलंय ते वाचा. पार्टिशनसाठी तपासलेलं पॅनेल बाहेरच्या भिंतीला कुणी खपवत असेल तर घेऊ नका. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये नवीन मालाला बंदी नाही, पण तो मंजूर झालेला आणि सिद्ध झालेला हवा, सेल्समनच्या तोंडून नव्हे. इंजिनियरकडून लेखी घ्या. महापालिकेची परवानगी नकाशावर आणि इंजिनियरच्या सहीवर मिळते, तुमच्या भिंतीत काय घातलं ते बघायला कुणी येईलच असं धरून चालू नका.

आणि अण्णा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, मेव्हणीने ग्रुपवर टाकलंच असणार. तुमच्या मागच्या कंपाउंडला उरलेल्या विटांची थप्पी अजून आहे, त्यातल्या पाच काढा. दोन गल्ल्या सोडून त्या प्लॉटवाल्याकडेही गेटजवळ शिल्लक पडलेल्या आहेत, मी बघितल्यात, त्यांना विचारून पाच आणा. दोन्ही लॉट तुम्हाला पाहिजे त्या लॅबला, माझी सही कुठेच नको. टेस्टचे पैसे मी भरतो.