'दिराक' की 'दिरा'? आणि बुरखा का नव्हे

सोमाली लग्नांवरच्या एका मराठी लेखात बायकांच्या पोशाखाला 'दिराक' म्हटलं होतं आणि लगेच 'म्हणजे एक प्रकारचा बुरखा' असा खुलासा जोडला होता. हा उच्चार बरोबर आहे का आणि तो खुलासा पटतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. माझ्या मते दोन्ही चुकलं आहे.

आधी उच्चार. सोमाली भाषेने १९७२ साली रोमन लिपी अधिकृतपणे स्वीकारली, तेव्हा काही अक्षरांना अगदी वेगळी कामं दिली. 'सी' हे अक्षर अरबीतल्या 'ऐन' या घशातून येणाऱ्या व्यंजनासाठी, 'एक्स' हे घशातून येणाऱ्या 'ह'साठी. त्यामुळे सोमालीत 'अली' हे नाव 'सी'पासून सुरू होतं आणि सोमालियाची राजधानी मोगादिशूचं घरगुती नाव 'हमर' हे 'एक्स'पासून. इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर अलीचा 'काली' होतो. 'दिराक'मधला 'क' तसाच आला आहे. मुळात तिथे ऐन आहे. अरबीत 'दिर्अ' म्हणजे चिलखत, आणि बायकांचा लांब अंगरखासुद्धा.

आता हा ऐन मराठीत कसा लिहायचा? यासाठी नवं चिन्ह शोधायची गरजच नाही, कारण मराठीने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. नफ्अ, जम्अ, मन्अ या अरबी शब्दांचे आपण नफा, जमा, मना केले. शेवटचा ऐन आपल्याकडे 'आ' होतो. त्याच चालीने 'दिरा' लिहावं. पुरुष कमरेला जी लुंगी नेसतात, तिचं सोमाली नावही असंच 'मकाविस' छापलं जातं. तिथेही मधे ऐन आहे. 'मुआमला'चा आपण 'मामला' केला, तसं हे 'मावीस' व्हावं. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, वकील-जमीनसारखा. हा शब्द सध्या बातम्यांतही येतो. अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाविरुद्ध हत्यार उचललेल्या गावकऱ्यांच्या टोळ्यांना 'मावीसले' म्हणतात, म्हणजे मावीसवाले. अंगावर गणवेश नाही, रोजची लुंगीच, म्हणून हे नाव.

आता बुरख्याचं. मराठीत बुरखा म्हटलं की झाकलेला चेहराच डोळ्यांसमोर येतो. 'बुरखा फाडणे' हा वाक्प्रचारही त्यावरूनच आला. दिऱ्याचा चेहऱ्याशी काही संबंध नाही. तो पायघोळ, ढगळ, लग्नाकार्यात आणि ईदला घालायचा झगा. कापड वायलसारखं, इतकं तलम की आतला परकर दिसतोच, किंबहुना दिसावा म्हणूनच तो झुळझुळीत आणि रंगाला रंग जुळवून घेतलेला असतो. त्या परकराला 'गोर्गोरद' म्हणतात. वरून खांद्यावर 'गर्बसार'.

या 'गर्बसार'पाशी थोडं थांबायला हवं. मराठी डोळा तिथे 'गर्भ' आणि 'सार' वाचतो. सोमालीत 'गरब' म्हणजे खांदा आणि 'सार' म्हणजे वर ठेवणे. खांद्यावर घ्यायची ती गर्बसार, म्हणजे आपला शेलाच. विवाहित बाईने डोक्याला बांधायचा रुमाल म्हणजे 'शाश', आणि लग्नानंतर नवरीच्या डोक्यावर तो चढवण्याच्या समारंभाचं नाव 'शाश सार'. 'सार' तोच. 'गुंतीनो' हे जुनं वस्त्र एका खांद्यावर गाठ मारून अंगाभोवती नेसतात. त्यासाठी मोगादिशूच्या विणकरांचं हातमागाचं 'अलिंदी' कापड नावाजलेलं. 'गुंती' म्हणजे गाठ. इथे मराठी 'गुंता' आठवेल, पण तो निव्वळ योगायोग समजावा. सोमाली ही कुशितिक, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतल्या कुळातली भाषा आहे आणि तिचं मराठीशी कुळाचं नातं नाही.

मला या शब्दांत सर्वांत लोभस वाटतं ते हे: घरचे शब्द कृती सांगतात, गाठ मारणं, खांद्यावर घेणं. दिरा, शाश आणि पुढे येणारा जिलबाब हे अरबीतून आले. समुद्रापलीकडचा व्यापार आणि इस्लाम या दोन्ही वाटा त्यांत मिसळलेल्या आहेत. १३३१ साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मोगादिशूला उतरला तेव्हा त्याला मानाचा पोशाख मिळाला: कमरेला गुंडाळायचं रेशमी वस्त्र, मिसरी तागाचा अंगरखा, अस्तर लावलेला झगा आणि मिसरी फेटा. इथले लोक विजार घालत नाहीत, हे त्याने मुद्दाम नोंदवलं. म्हणजे मुसलमान शहराच्या मानाच्या पोशाखातही खालचं वस्त्र गुंडाळायचंच राहिलं.

डोकं आणि धड झाकणारा जिलबाब आज सोमाली रस्त्यांवर सर्रास दिसतो. शब्द कुराणातला आहे (सूरा अल-अहजाब, आयत ५९), पण सोमालियात त्याचा मोठा प्रसार गेल्या काही दशकांतला, विशेषतः १९९१च्या यादवीनंतरचा. त्यालाही बुरखा म्हणू नये, कारण नुसत्या जिलबाबात चेहरा उघडा असतो. तेव्हा पारंपरिक सोमाली पोशाख म्हणून जिलबाबाचं वर्णन केलं तर आजीचा गुंतीनो आणि आईचा दिरा दोन्ही पुसले जातात. हे मला खरोखर खटकतं.

राहिलं व्याकरण. 'दिरा' पुल्लिंगी धरावा, 'नफा'सारखा चालवावा: एक दिरा, दोन दिरे, दिऱ्याचा काठ. 'दीर' या नात्याशी घोटाळा होईल ही भीती नको. नात्याचं सामान्यरूप 'दिराचा', कपड्याचं 'दिऱ्याचा'. फक्त 'ऱ्य' नीट लिहा.