कॉर्व्हेट सी-५ चा ऑइल प्रेशर सेन्सर: आधी खात्री, मग पाना

आपल्या २००२ सालच्या कॉर्व्हेटचा ऑइल प्रेशरचा काटा चालता चालता ८० वर जाऊन चिकटतो, कधी एकदम शून्यावर पडतो आणि तेलाचा दाब कमी झाल्याची सूचना झळकते. इंजिनाचा आवाज मात्र नेहमीसारखाच असतो. सेन्सर बदलावा की इंजिन उघडावे, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे याच पाचव्या पिढीची (सी-५) गाडी बरीच वर्षे आहे आणि हा सेन्सर मी दोनदा बदलला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सांगितलेली लक्षणे सेन्सरकडेच बोट दाखवतात. खरा दाब क्षणात ८० वरून शून्यावर येऊन पुन्हा वर जात नाही, आणि तो खरोखरच शून्यावर गेला असता, तर हायड्रॉलिक लिफ्टरांची (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) टकटक आपल्याला ऐकू आली असती. तरीही खात्री करून घ्यावी. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवल्यावर काटा शून्यावर असायला हवा. तेव्हाही तो ४० किंवा ८० दाखवत असेल, तर दोष सेन्सरमध्ये, त्याच्या कनेक्टरमध्ये किंवा तारेत आहे. दुसरी तपासणी गाडी स्वतःच करून देते: पडद्यावरील सूचना पुसून ऑप्शन्सचे बटण दाबून धरावे आणि फ्यूएलचे बटण चार वेळा दाबावे, म्हणजे साठवलेले दोषसंकेत एकामागोमाग दिसू लागतात. त्यांत पी०५२२ किंवा पी०५२३ असेल, तर सेन्सरच्या सर्किटचे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलेले आहे.

तथापि संकेत दिसला म्हणून इंजिन निर्दोष आहे, असे सिद्ध होत नाही. ऑइल फिल्टरच्या जागी बसणारा अ‍ॅडॉप्टर आणि साधा यांत्रिक गेज जोडून, तेल पूर्ण तापल्यावर दाब मोजावा. या गाडीच्या एलएस-१ इंजिनासाठी निर्मात्याने दिलेले किमान आकडे मिनिटाला १००० फेऱ्यांना ६, २००० ला १८ आणि ४००० ला २४ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असे आहेत. हे आकडे पाहून अनेकांना धक्का बसतो, पण ते किमान आहेत. निरोगी इंजिन त्यांच्या बरेच वर असते. गेजवरही दाब कमी आला, तर सेन्सरचा विषय तिथेच संपतो. मग तेलाच्या पंपाला जोडलेल्या शोषण नळीच्या ओ-रिंगपासून (रबरी कड्यापासून) शोध सुरू करावा, कारण ती कडक होऊन चिरली की पंप हवा ओढतो. माझ्या वेळी एका गॅरेजने गेज न लावताच इंजिन उघडण्याचा सल्ला दिला होता. त्या दिवशी मी मान डोलावली असती, तर किती खर्च झाला असता, याचा हिशेब मी मुद्दामच केलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. सेन्सर स्वस्त आहे, महाग आहे ती त्याची जागा. तो इंजिनाच्या मागच्या टोकाला, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) आणि फायरवॉल (इंजिन व केबिन यांच्यामधली भिंत) यांच्या बेचक्यात बसवलेला आहे. काही जण मागून हात घालून, वाकडा पाना लावून तो काढतात. मला ते एकदाही साधले नाही, उलट कनेक्टरची खिटी मात्र तुटली. मॅनिफोल्ड काढणे लांबचे वाटते, पण या इंजिनात त्यातून शीतकाचे पाणी वाहत नाही आणि थ्रॉटल (हवेचे प्रमाण ठरवणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे त्याला केबलही नाही, त्यामुळे रेडिएटर रिकामा करावा लागत नाही. बॅटरी सोडावी. पेट्रोलच्या रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) सुमारे ५८ पीएसआयचा दाब तपासणीच्या व्हॉल्व्हमधून कापडात उतरवून घ्यावा आणि मगच लाइन सोडावी. हे काम थंड इंजिनावर, उघड्या हवेत, आसपास ठिणगीचा संभव नाही हे पाहून करावे. इंजेक्टर रेलसह मॅनिफोल्डवरच राहू द्यावेत, फक्त त्यांचे कनेक्टर काढावेत. मॅनिफोल्ड उचलताना मागच्या ब्रेक बूस्टरच्या नळीकडे आणि मॅप सेन्सरकडे (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) लक्ष असू द्यावे, कारण ओढाताण तिथेच होते.

उचलण्यापूर्वी भोवतालची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, आणि उचलताच इंजिनाच्या आठही पोर्टांत (हवा आत जाण्याच्या तोंडांत) स्वच्छ फडकी कोंबून ती मोजून ठेवावीत. मोजणे विसरू नये. मॅनिफोल्ड बाजूला असताना खालचे दोन नॉक सेन्सरही (इंजिनातील ठोके ओळखणारे) पाहावेत. त्यांच्या खोबणीत पाणी साचून ते गंजतात, आणि त्यांच्यासाठी हेच सगळे काम पुन्हा करणे कुणालाही परवडणार नाही.

सेन्सर २७ मिलिमीटरच्या खोल सॉकेटने निघतो. नव्याच्या आट्यांवर सीलंट बहुधा आधीच लावलेला असतो. तो असेल, तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण टेपचा तुकडा तेलाच्या वाटेत जाऊ शकतो. सेन्सर हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवून मग २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. कनेक्टरमध्ये तेल झिरपलेले दिसले, तर तोही बदलावा. तेल कनेक्टरपर्यंत पोचते ते आतून फुटलेल्या सेन्सरमधूनच. मॅनिफोल्डचे दहाही बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, आधी ५ आणि मग १० न्यूटन-मीटर असे दोन फेऱ्यांत आवळावेत. प्लास्टिकवर जोर करू नये, आणि गॅस्केट नवीनच घालावीत.

काही मंडळी लवचिक नळी लावून सेन्सर फायरवॉलजवळ सोयीच्या जागी आणतात. शर्यतीच्या गाडीत मला ते समजते. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तापलेल्या इंजिनामागे तेलगळतीची आणखी एक शक्यता मी स्वतःहून निर्माण करणार नाही.

इंजिन सुरू करण्याआधी चावी दोन-तीनदा फिरवून पेट्रोलची लाइन कुठे पाझरते का ते पाहावे, मगच स्टार्टर मारावा. काटा दोन-तीन सेकंदांत वर आला नाही, तर लगेच बंद करावे आणि नव्या सेन्सरवर विसंबून न राहता यांत्रिक गेज पुन्हा लावावा. माझा पहिला बदली सेन्सर डब्यातूनच बिघडलेला निघाला होता.