दुकानातनं घेतलेल्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी टीव्हीला जोडलेल्या पीसीवर कशा टाकायच्या?

भावा, आधी डिस्क मऊ कापडानं मधनं बाहेर सरळ पुसून घे, गोल गोल नको, कारण व्हीसीडीत व्हिडिओच्या डेटाला डेटा सीडीएवढं एरर करेक्शन, म्हंजे वाचताना झालेल्या चुका आपोआप सुधारायची सोय, नसतंय आणि चरा पडला असला की कॉपी तिथंच अडकत्या. मग डिस्कवरच्या एमपेगएव्ही (MPEGAV) फोल्डरमधली मोठी डॅट (.DAT) फाईल, म्हंजे सिनेमाच, हार्डडिस्कवर घे, एफएफएमपेग (FFmpeg) ह्या फुकटच्या व्हिडिओ प्रोग्रामनं स्ट्रीम कॉपी मारून, म्हंजे व्हिडिओ जसाच्या तसा उचलून, एमपीजी (.mpg) फाईल कर, परत एन्कोड, म्हंजे नव्यानं दाबून बारीक, अजिबात करू नको, मूळ चित्रच ३५२ बाय २८८ पिक्सेलचं हाय, आणखी दाबलं की चेहरे पार पुसट होत्यात. नंतर कोडी (Kodi) ह्या टीव्हीवर सिनेमे बघायच्या फुकटच्या प्रोग्राममधी त्या फायलींची लायब्ररी लाव. पीसीला डिस्क ड्राइव्ह नसला तर कोल्हापुरात राजारामपुरीत यूएसबीनं जोडायचा ड्राइव्ह बघ. आणि डिस्का टाकून देऊ नको, कितीतरी जुने सिनेमे दुसरीकडं धड मिळतच न्हाईत.