संस्थेच्या कामाला पैसा कुठून आणायचा? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत, काम चालू आहे पण पैसा नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीयेत.

प्रश्न : आम्ही आठ जणी मिळून नाशिकमधल्या सातपूरच्या अशोकनगरमध्ये कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, पाचवी ते दहावीची चाळीसेक मुलं येतात. चार वर्षं पदरमोड करतोय. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना अनुदानासाठी पत्रं दिली, एकाचंही उत्तर नाही. आमची नोंदणी झालेली नाही. काय चुकतंय?

ताई, कामात काही चुकत नाहीये, चार वर्षं रोज संध्याकाळी दार उघडणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते आणि ती तुम्ही करताय. अडतंय ते दोन ठिकाणी, कागद आणि पत्र.

आधी कागदाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्च करावे लागतात, आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायद्यातच आहे. म्हणजे सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांकडे जायची तुमची दिशा बरोबर आहे. पण बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर ती संस्था नोंदलेली हवी, आयकर खात्याचं १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सवलत) हवं, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. यातलं काहीच नसेल तर समोरच्या मॅनेजरला तुमचं काम कितीही आवडलं तरी त्याचे हात बांधलेले असतात, आणि मग उत्तर द्यायचंच राहून जातं.

तुम्ही आठ जणी आहात, सोसायटीसाठी कमीत कमी सात लागतात, म्हणजे माणसं पुरेशी आहेत. आपल्या महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी केली की तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. मात्र नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट आलं, सभांची इतिवृत्तं आली, आयकर रिटर्न आलं, हे सगळं बघणारी एक जण आधी ठरवा, सगळ्यांनी मिळून बघू म्हटलं की कोणीच बघत नाही. आणि चार वर्षांची हजेरीची वही, फोटो, मुलांचे निकाल जपून ठेवा, उद्या अनुभव दाखवायचा म्हटलं की हेच लागणार.

नोंदणी आणि आयकराचे कागद व्हायला वेळ जाईल, तोवर अभ्यासिका थांबायला नको. कंपनी तिसऱ्या संस्थेला न देता स्वतः थेटही खर्च करू शकते, त्यामुळे 'अनुदान द्या' म्हणण्याऐवजी 'वीस बाक आणि दोन कपाटं घेऊन द्या' असं विचारून बघा. रोटरी, लायन्स, इनरव्हील यांच्या नाशिकच्या क्लबांना भेटा, त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवे अध्यक्ष येतात, तेव्हा मे-जूनमध्येच गाठलेलं बरं. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमधून छोट्या कारखानदारांपर्यंत पोचता येतं, त्यांना सीएसआर लागू नसतं पण स्वतःच्या खिशातून देणारी माणसं तिथे खूप आहेत, आणि ज्या कामगारांची मुलं तुमच्याकडे येतात ते त्यांच्याच कारखान्यांत आहेत! हे त्यांना सांगा. फक्त देणगीला पावती द्यायचीच, आणि नोंदणी नसताना जाहीर वर्गणी गोळा करायची तर न्यास कायद्याच्या ४१-क कलमाप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच.

आता पत्राचं. तुम्ही सोबत जोडलेल्या पत्राचं पहिलं वाक्य आहे, 'आमचा गट समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे.' ताई, हे वाक्य त्या टेबलावरच्या प्रत्येक पत्रात असतं. त्याजागी असं लिहा : 'अशोकनगरमध्ये रोज संध्याकाळी सहा ते नऊ चाळीस मुलं आमच्या अभ्यासिकेत बसतात, कारण दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना त्यांना अभ्यासाला जागा नसते.' आणि लगेच खाली हिशोब. तुमच्या आकड्यांवरून मांडून दाखवते : दोन शिक्षकांचं मानधन महिना ८००० प्रमाणे वर्षाचे १,९२,००० रुपये, खोलीचं भाडं ७२,०००, लाईट बिल १८,०००, वह्यापुस्तकं मुलामागे १००० धरून ४०,०००. एकूण ३,२२,०००. यात पालक महिना ५० रुपये देतात ते २४,०००, तुम्ही आठ जणी वर्षाला सहा-सहा हजार घालता ते ४८,०००. उरले २,५०,०००, आणि मागणी तेवढीच.

हे पालकांचे पन्नास रुपये तुम्ही कंपन्यांना दिलेल्या पत्रात लिहिलेच नव्हते, किरकोळ वाटले असतील, पण माझ्या मते अख्ख्या अर्जातली सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे. वस्तीला हे काम हवंय याचा दुसरा पुरावा काय असतो? देणाऱ्याला कळतं की आपण नाही दिलं तरी ही माणसं हे ओढत नेणार आहेत, आणि अशांनाच द्यावंसं वाटतं. मुलामागे वर्षाला ८०५० रुपये खर्च येतो हेही लिहा, एखादा कारखानदार पाच मुलांचा भार उचलतो म्हणेल.

अजून एक, पत्र कोणाला द्यायचं ते आधी शोधा, सगळ्यांना एकच झेरॉक्स वाटू नका. सीएसआर लागू असलेल्या कंपनीने वेबसाईट असेल तर त्यावर आपलं सीएसआर धोरण, समितीतली माणसं आणि मंजूर प्रकल्प टाकायचे असतात. शिवाय केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार खर्च दिसतो. मागच्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल उघडा, सीएसआरच्या पानांवर नाशिक हा शब्द शोधा, पैसा शिक्षणावर गेलाय की पाण्यावर की दवाखान्यावर ते बघा. जी कंपनी फक्त पाणलोटाची कामं करते तिला अभ्यासिकेचं पत्र देऊन उपयोग नाही. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सीएसआरचा वार्षिक आराखडा बोर्डाला मंजूर करावा लागतो, तेव्हा दिवाळीनंतर भेटीगाठी सुरू करा, मार्चच्या शेवटी धावपळ करू नका.

प्रश्न : एक गृहस्थ म्हणतात मुंबईच्या कंपनीचा ५० लाखांचा सीएसआर फंड मिळवून देतो, आधी २५ हजार फाईल चार्ज आणि फंड आला की ३० टक्के रोख परत. संस्था जुनी आहे, कागद सगळे आहेत, पण पैशाची फार ओढाताण आहे. घ्यावं का? (सिडको)

नाही. अजिबात नाही.

ओढाताण आहे हे कळतं हो दादा, आणि अशी माणसं नेमकी ओढाताण असलेल्याच संस्था हेरतात. बहुतेक वेळा २५ हजार घेऊन ती गायब होतात, ते तरी परवडलं म्हणायचं, कारण फंड खरंच आला तर जास्त वाईट. ३० टक्के रोख काढून द्यायची म्हणजे १५ लाखांची खोटी बिलं तयार करावी लागणार, त्यावर सह्या तुमच्या आणि तुमच्या विश्वस्तांच्या, आणि उद्या चौकशी लागली की तो गृहस्थ कुठेच नसतो, उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. चांगल्या चाललेल्या संस्थेचं नाव असं एकदा गेलं की परत येत नाही हो.

प्रपोजल लिहून देणाऱ्याला कामाचे ठरलेले पैसे देणं यात काही गैर नाही, लिहिणं हेही कामच आहे. पण मिळालेल्या रकमेवर टक्केवारी मागितली, किंवा कंपनीचं नाव आत्ता सांगता येणार नाही म्हटलं, की चहा पाजून निरोप द्या. कंपनीचं नाव कळलं तर तिच्या ऑफिसला थेट फोन करून विचारा, हा माणूस तुमचा आहे का? आणि केंद्र सरकारच्या योजनांसाठी लागणारा दर्पण पोर्टलचा (संस्थांच्या नोंदणीची सरकारी वेबसाईट) नंबर फुकट मिळतो, त्याचेही पैसे घेणारे आहेत म्हणून सांगून ठेवते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एक कंपनी फिजिओथेरपीची उपकरणं द्यायला तयार आहे. पण परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा) अजून जुनेच विश्वस्त आहेत, त्यातले दोघे वारले. कंपनी म्हणते आधी हे नीट करा. (नाशिकरोड)

काका, कंपनीचं बरोबर आहे, राग मानू नका. विश्वस्त बदलला की न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो आणि तो राहून गेलेल्या संस्था आपल्याकडे ढिगाने आहेत. माणूस गेला, दुखवटा झाला, सभेत दुसऱ्याचं नाव ठरलं, मिनिट बुकात लिहिलं, झालं. पण धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी तुमचा संघ अजून त्या गेलेल्या दोघांच्याच नावावर आहे, मग कंपनीने करार करायचा कोणाशी?

मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, इतिवृत्ताची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि उशीर माफ करण्याचा अर्ज असं सगळं घेऊन एखाद्या जाणत्या वकिलाकडे जा. त्याच बरोबर मागची ऑडिट दाखल झालीत का तेही बघून घ्या, मार्चअखेर वर्ष संपलं की सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट झालेलं हवं. कंपनीला तोंडी सांगू नका, बदल अहवाल दाखल केल्याची पोच जोडून पत्र द्या आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यात आमचा विचार ठेवा असं लिहा. देणारा तयार आहे हे निम्मं काम झालंय, ते सोडू नका.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. पावसाळ्यात छत गळतं, पुस्तकं भिजतात. सरकारी अनुदानात दुरुस्ती बसत नाही. कोणाकडे जावं?

राज्याचं अनुदान 'ड' वर्गाला, म्हणजे सगळ्यात छोट्या वाचनालयांना, इतकं थोडं असतं की त्यातून छत निघणार नाही हे खरंय. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना पुस्तकांसाठी आहेत तशा फर्निचर आणि इमारतीसाठीही आहेत, अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, म्हणून आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटून या वर्षीच्या तारखा विचारा. दुसरा रस्ता आमदार निधीचा, तिथे पहिला प्रश्न येतो जागा कोणाची, तेव्हा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊनच जा, नुसतं तोंडी भेटून होत नाही. बांधकाम खात्याच्या किंवा पंचायत समितीच्या अभियंत्याकडून खर्चाचं अंदाजपत्रक करून घेतलं तर सगळीकडे तेच चालतं. आणि दिंडोरीत आता औद्योगिक वसाहत आहे, मोठे कारखाने आहेत, त्यांना विसरू नका. भिजलेल्या पुस्तकांचे फोटो या पावसाळ्यातच काढून ठेवा, उन्हाळ्यात अर्ज करताना गळकं छत दाखवता येत नाही.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे, आमच्या पेठ तालुक्यातल्या आरोग्याच्या कामाला दरवर्षी पैसे पाठवायचे म्हणतो. संस्थेच्या खात्यावर घेतले तर चालतील ना? (गंगापूर रोड)

भाच्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा, सगळं त्यावर आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, त्याच्या पासपोर्टची प्रत फाईलला लावा आणि पावती द्या. पण त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ते पैसे एफसीआरए म्हणजे परदेशी अंशदान कायद्यात येतात, आणि त्या नोंदणीशिवाय किंवा केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा, आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं उघडून त्याचा तपशील अर्जातच द्यावा लागतो. दुसऱ्या एफसीआरए संस्थेकडे पैसे मागवून तिथून आपल्याकडे वळवू, हा रस्ता २०२० च्या दुरुस्तीने बंद झालाय, कोणी सुचवलं तरी जाऊ नका.

प्रश्न : देणगीदार विचारतात ८०जी आहे का, मग देतो. आम्ही छोटे, करावं का? (पंचवटी)

करा, सीएसआरला ते लागतंच. फक्त ८०जी आलं की देणग्यांचा पूर येईल असं धरू नका, कारण नव्या कररचनेत गेलेल्या पगारदारांना ही वजावट मिळतच नाही, आणि २००० रुपयांच्या वरची रोख देणगी जुन्या रचनेतही वजावटीत धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआयच घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यामुळे कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा पावतीपुस्तक छापायच्या आधी मजकूर सीएला दाखवा, एकदम हजार पावत्या छापून ठेवू नका.