हिरवीच घे

प्रिय पोरी,

तू घ्यायला पाहते आहेस त्या दोन्ही एमजीबींचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारचे, फोटो मी मोठे करून करून पाहिले. लाल गाडी नुकतीच रंगवलेली, आरशासारखी. हिरवी १९६६ची, रंग फिका, सीटच्या चामड्याला भेगा, आणि सोबत बिलांची जाडजूड फाईल. तुझं मन लालवर आहे हे लिहिण्यावरून कळलंच. माझं मत हिरवीच्या बाजूने आहे.

आधी आकड्यांचं बोलू, म्हणजे ते एकदाचं संपेल. १७९८ सीसी, सुमारे ९५ अश्वशक्ती, शून्य ते ताशी ६० मैल गाठायला साधारण बारा सेकंद. आजची साधी हॅचबॅकही हिच्या पुढे निघून जाईल. तरीही इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यावर, छत उघडं टाकून ताशी चाळीस मैलांनी ही चालव. बसायची जागा इतकी खाली की हात लांब केला तर रस्त्याला लागेल असं वाटतं. स्टिअरिंगमधून खडीचा पोत हाताला कळतो. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या हालचालीवर पडतो. (१९६६च्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवून घेणारी सोय, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस.) वेग कमी असूनही सगळं काही आपण करतोय याची जाणीव सुटत नाही. माझ्या मते हिची सगळी मोहिनी त्यात आहे.

हे इंजिन तुला अगदीच परकं नाही. तुझ्या आजोबांच्या अ‍ॅम्बॅसेडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातले. एमजीच्या इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात साध्या कुटुंबाच्या मोटारींचे भाग घेऊन स्पोर्ट्स कार बांधायची रीतच होती. म्हणून ती परवडायची, आणि म्हणूनच १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. बॉनेट उघडलंस की प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते आणि साध्या पान्यांनी खोलता येते. दोन एसयू कार्ब्युरेटरच्या (एसयू हे बनावटीचं नाव) डोक्यावरच्या टोप्या फिरवून काढ आणि आत तेल आहे का बघ. ते आटलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. एवढंसं तेल घातलं की लगेच फरक पडतो.

आता हिरवीच का, ते सांगतो. या गाडीचे जवळपास सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. जुने मूळ साचे शोधून काढून ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून अख्खी बॉडीसुद्धा नवी बनवायला घेतली. म्हणजे चकाकती एमजीबी पैसे मोजून केव्हाही उभी करता येते. न मिळणारी गोष्ट एकच: कारखान्यात जोडलेला, कुणी न कापलेला पत्रा, आणि साठ वर्षं कुणीतरी वेळच्या वेळी ग्रीस भरत आल्याचा पुरावा. पुढच्या चाकांच्या किंगपिनना (ज्यांवर चाकं वळतात त्या खिळ्यांना) दर तीन हजार मैलांनी ग्रीस लागतं. त्या फाईलमध्ये अशा कंटाळवाण्या कामांची बिलं सापडली, तर ती मला कुठल्याही रंगापेक्षा मोलाची वाटतात.

लाल गाडी वाईटच असेल असं नाही. पण नवा रंग बरंच काही झाकतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ या गाड्यांना खाऊन टाकतं, आणि सगळ्यात आधी दाराखालची सिल खातं. वर छत नाही, त्यामुळे गाडीचा कणा म्हणजे या दोन सिलच. काही जण कुजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवतात, वरून लांबी (पुट्टी) भरून घासतात, आणि रंग मारला की कुणाला पत्ता लागत नाही. तू पत्ता लाव. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यामधली फट आधी बघून ठेव. मग सिलखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलायला सांग. फट कमी-जास्त झाली किंवा दार उघडताना घासलं, तर आतला सांगाडा गेलाय. तिथेच आभार मानून निघ. विकणाऱ्याने जॅक लावायला नकार दिला तरीही निघ.

हिरवी घेतलीस तर लगेच रंगवायला काढू नकोस. भेगाळलेलं चामडं स्वच्छ कर, त्याला तेलपाणी कर, पण बदलू नकोस. सिंक्रो नसलेला गिअरबॉक्स, उलटी अर्थिंग (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, चार्जर लावण्याआधी हे शंभरदा आठव), सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, या सगळ्यांशी आधी वर्षभर जमवून घे. पेट्रोल ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भर, ई-१० नको, त्यातलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. इंजिनाचं हेड (वरचा झाकणाचा भाग) शिशाविना पेट्रोलसाठी बदललंय का, तेही फाईलमध्ये शोध. आणि गाडी चालव. गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक जाम होतात, रबरी सील सुकतात. आठवड्याला एक चक्कर हीच तिची खरी निगा.

शनिवारी बघायला जाणार असशील तर मालकाला आधीच सांग, इंजिन गरम करून ठेवू नका. थंड गाडीची चावी फिरवलीस की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येईल. ती काही सेकंदांत थांबायला हवी. थांबलीच नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. मग चोक ओढून सुरू कर, आणि चांगली तापल्यावर तेलाच्या दाबाचा काटा बघ. रस्त्यावर चालताना तो पन्नासच्या वर राहिला तर मला तिथूनच फोन कर, किमतीचं मी बोलतो.

तुझा,
काका