मोटारघर, सायकल आणि उखडलेले रूळ

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात रेल्वेच्या पी-वे (रूळमार्गाची देखभाल करणाऱ्या) खात्यातून निवृत्त झालेले, प्रतापनगर, बडोदा इथले आमचे प्रवासीकाका.)

प्रश्न : काका, बँकेतून निवृत्त झाले आहे. मुलगा अटलांटाला असतो, जानेवारीत त्याच्याकडे जाणार आहे. तिथे आर.व्ही. (राहण्या-झोपण्याची सोय असलेलं मोटारघर) भाड्याने घ्यावी, सायकल बरोबर ठेवावी आणि रेल्वेच्या बंद पडलेल्या मार्गांवर केलेल्या सायकलवाटा हिंडाव्यात असं डोक्यात आहे. एकटीनेच. इथे रविवारी आजव्यापर्यंत सायकलने जाऊन येते, गाडी रोज चालवते. घरात कुणालाच पटत नाही. सून म्हणते, आई, थंडीत गारठून जाल. तुम्ही अशी भटकंती केल्याचं मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतंत. मला जमेल का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, जमेल. आजव्याला जाऊन येता म्हणजे चाळीसेक किलोमीटर पायांत आहेत, आणि मांडवीच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्या बाईला अमेरिकेतला हमरस्ता काय अवघड! उजवीकडून चालवणं अंगवळणी पडतं. सुनेचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. गारठा तुम्हाला फारसा त्रास देणार नाही, गाडीतल्या पाण्याला देईल. त्याकडे येतोच.

आधी एकटीचं गणित मांडू, कारण त्यावर सगळी आखणी उभी आहे. दोघं असली की एकाने सायकल हाणायची आणि दुसऱ्याने गाडी पुढच्या गावी नेऊन ठेवायची. एकट्या माणसाला गाडीपाशी परतावंच लागतं. नकाशावर ३३ मैलांची दिसणारी वाट तुमच्यासाठी ६६ मैलांची असते. म्हणून ‘अख्खी वाट पुरी करायची’ हे खूळ इथेच सोडा. वाटेच्या साधारण मध्यावरचं गाव धरा, तिथे दोन-तीन रात्री गाडी हलवू नका, एक दिवस पूर्वेला जा, एक दिवस पश्चिमेला. लोक आर.व्ही. घेतात आणि रोज सामान आवरून पळत सुटतात. मग सायकल नुसती मागे लटकून फिरते. मोटारघर चालवण्यासाठी कमी आणि उभं करण्यासाठी जास्त आहे असं माझं मत आहे.

सकाळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, म्हणजे दमल्यावर वारा पाठीशी येईल. तीच गोष्ट चढाची. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी, म्हणून रेल्वेवाला शंभर फुटांमागे एक-दोन फुटांवर चढ सहसा देत नाही. टेकडी आली की ती कापायची (कटिंग), खळगा आला की भराव घालायचा. आपल्या गुडघ्यांना हे फार मानवतं. पण इतका चढ डोळ्यांना दिसत नाही आणि मैलोन्मैल संपतही नाही. जाताना ‘आज पाय काय छान चालताहेत’ असं वाटलं की मागे वळून उताराचा अंदाज घ्या. येताना तोच चढ आहे.

आता वाट. अटलांटाला उतरताय तर सुरुवात घराजवळूनच होते. शहराला लागून असलेल्या स्मर्ना गावापासून सिल्व्हर कॉमेट ट्रेल निघते, ती ६१.५ मैल पश्चिमेला अलाबामाच्या हद्दीपर्यंत जाते. नाव गाडीचं आहे : सिल्व्हर कॉमेट ही न्यूयॉर्क–बर्मिंगहॅम एक्सप्रेस १९४७ ते १९६९ या मार्गाने धावली. वाट पूर्ण पक्की, पातळ टायरचीही सायकल चालते. पम्पकिनव्हाइन ओढ्यावरचा पूल सुमारे ७५० फूट लांब आणि सव्वाशे फूट उंच आहे. तिथे मी सायकल कठड्याला टेकवून बराच वेळ नुसते खांब बघत उभा होतो. कठड्यावर भार न देता माणसं कशी पुढे जातात मला कळत नाही. पुढे रॉकमार्टच्या अलीकडे ब्रशी माउंटनचा बोगदा लागतो. आत दिवे आहेत, छतातून पाणी ठिबकतं. कडाक्याच्या थंडीत पूल आणि बोगद्याची तोंडं यांच्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, रस्ता कोरडा असला तरी. तिथे उतरून चाला.

रॉकमार्ट ओलांडलं की एकदम उभे चढ-उतार लागतील. घाबरू नका, तो रेल्वेचा दोष नाही. सीडरटाउनपर्यंतच्या त्या टप्प्यात सायकलवाट जुन्या मार्गावरून हटून वळसे घेते. असा चढ कुठल्याही पी-वेवाल्याने पास केला नसता. मी तिथे सायकल हातात धरून चालत गेलो, तुम्हीही जा.

राज्याची हद्द आली की वाटेचं नाव बदलतं, चीफ लॅडिगा ट्रेल. मघाशी म्हटलेली, मूळची ३३ मैलवाली, ती हीच. पीडमाँट, जॅक्सनव्हिल करत अॅनिस्टनकडे जाते. माझी आवडती हीच, गर्दी कमी आणि झाडी दाट. पण इथे एक गोम आहे. अटलांटाचं राज्य जॉर्जिया आणि अलाबामा यांची हद्द हीच कालविभागाचीही हद्द. फोनवरचं घड्याळ आपोआप एक तास मागे जातं आणि तुम्हाला वाटतं, वा, तास मिळाला! सूर्य काही मागे जात नाही. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे घड्याळात पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. म्हणून परत फिरण्याची वेळ फोनवर ठेवू नका, मनगटावरचं घड्याळ जॉर्जियाच्या वेळेवरच राहू द्या. पुढे-मागे दोन्ही दिवे तर हवेतच.

या जुन्या मार्गांवर काही ठिकाणी कडेला ‘डब्ल्यू’ कोरलेले काँक्रीटचे खांब अजून उभे दिसतात. फाटक जवळ आलं, शिट्टी मारा, असं ड्रायव्हरला सांगणारे. आपल्याकडे पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहितात तेच. खांब दिसला की पुढे रस्ता आडवा जातोय असं समजा आणि ब्रेकवर बोटं ठेवा.

उत्तरेकडून थंडीची लाट आली तर हट्ट करू नका, गाडी दक्षिणेला काढा. फ्लोरिडात विथलाकूची स्टेट ट्रेल ४६ मैलांची, पक्की आणि सपाट आहे, मधे इन्व्हर्नेस हे तळ्याकाठचं टुमदार गाव आहे. विथलाकूची सरकारी जंगलातला सिल्व्हर लेकचा कॅम्प या वाटेला खेटून आहे. मात्र हिवाळा हाच फ्लोरिडाचा हंगाम. उत्तरेकडची निवृत्त मंडळी झुंडीने खाली उतरतात आणि चांगल्या जागा कित्येक महिने आधी भरतात. मुलाला आजच आरक्षण करायला बसवा. जंगलाच्या हद्दीत शिकारीचा मोसम चालू असू शकतो, तेव्हा भडक केशरी जॅकेट घाला, आवडो न आवडो.

उत्तरेतल्या मोठ्या वाटा, मिसुरीतली २४० मैलांची केटी वगैरे, या दिवसांत नकोत. ती चुनखडीच्या बारीक चुऱ्याची आहे. रात्री गोठते, दुपारी वितळते आणि चाक रुतायला लागतं.

गाडी कोणती? लहानात लहान, म्हणजे ज्याला क्लास बी म्हणतात ती व्हॅन. वीस फुटांच्या आसपास लांब, आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरसारखी चालते. त्याहून मोठ्या क्लास सी मध्ये डोक्यावर पलंग आणि ऐसपैस स्वयंपाकघर मिळतं, पण एकटीला रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘आने दो, आने दो’ म्हणणारं कुणी नसतं. बुटक्या पुलाखाली अडकू नये म्हणून गाडीची उंची फुटांत लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. सायकल घडीची घेतलीत तर रात्री आत ठेवता येते. मागे बांधलेली सायकल बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने आणि चिखलाने माखते, चोरीचा घोर वेगळाच.

आणि आता पाणी. कॅम्पच्या नळापासून गाडीपर्यंत रबरी नळी जोडायची असते. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर संध्याकाळीच गाडीची टाकी भरून घ्या, नळी सोडवा, झटकून रिकामी करा आणि आत घ्या. बाहेर राहिली तर सकाळी ती नळी राहत नाही, काठी होते. बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवून झोपा म्हणजे हीटरची ऊब पाइपांपर्यंत पोचते. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. वीज न जोडता मोकळ्यावर रात्र काढलीत तर पहाटे बॅटरी बसते आणि टाकीत गॅस असूनही हीटर बंद पडतो. म्हणून थंडीत वीजजोडणीचीच जागा घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्याच दिवशी बटण दाबून तपासा. थंडी कितीही वाजली तरी गॅसची शेगडी पेटवून उबेला बसायचं नाही.

एकटेपणाचं म्हणाल, तर मी मुलीला निघताना एक आणि वळताना एक संदेश टाकत असे, बाकी दिवसभर फोन पिशवीत. वाटेवर भेटणारे लोक हात करतात, हवापाणी विचारतात. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ अशी हाक आली की उजवीकडेच राहा. आपण सवयीने मागे वळून बघतो आणि सायकल नेमकी डावीकडे जाते.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? मोटेल घ्यावं, गाडीत सायकल टाकावी. स्वस्त नाही का पडणार? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पडतं. आर.व्ही.चं भाडं, मैलांचा आकार, कॅम्पची जागा, पेट्रोल, सगळं धरलं तर मोटेल आणि छोटी मोटार बहुतेक वेळा स्वस्तच पडेल. पैसे वाचवायला आर.व्ही. घेऊ नये. मी घेतली ती दोन कारणांनी. सायकलवरून उतरल्यावर गरम मेतकूट-भात आणि आडवं व्हायला जागा वाटेपासून पन्नास पावलांवर मिळते. दुसरं, वाटेकाठच्या बारीक गावांत मोटेल असेलच असं नाही. इंदुरी माणसाला सकाळी पोह्यांशिवाय चालत नाही हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने साधणार? पण एक सांगून ठेवतो : फोडणी टाकण्याआधी छताचा पंखा चालू करा आणि खिडकी उघडा. डब्याएवढ्या त्या जागेत मोहरी तडतडली आणि मिरची पडली की धुराचा अलार्म असा कोकलतो की शेजारचे म्हातारेबुवा टॉर्च घेऊन दारात. इथला मिक्सर मात्र नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची. कुकर न्या.

प्रश्न : आपल्याकडे बडोद्याजवळच्या डभोईच्या नॅरोगेजवर (अरुंद रुळांच्या मार्गावर) अशी वाट का झाली नाही? – एक वाचक, मकरपुरा

उत्तर : माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. त्या मार्गांवर मी पुश ट्रॉलीवर (रूळ तपासायच्या ढकलगाडीवर) बसून किती स्लीपर मोजले असतील! खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही वीसेक मैलांची अडीच फुटी लाइन पडली तेव्हा डबे बैल ओढत. पुढच्या वर्षी इंजिनं आली, पण रूळ इतके हलके की ती त्यांना पेलवेनात. १८७३ मध्ये जड रूळ घातले, वाफ नीट चालू झाली ती त्यानंतर.

तर कारण सरळ आहे. अमेरिकेत ट्रक आणि मोटारी आल्यावर मार्ग खरोखरच सोडून दिले गेले. तिथे १९८३ साली कायदा झाला : मार्ग मोडून तुकड्या-तुकड्यांनी विकण्याऐवजी सायकलवाटेसाठी राखून ठेवायचा, आणि उद्या गरज पडली तर रेल्वे तिथे पुन्हा रूळ टाकू शकते. रेल्वेचा माणूस म्हणून मला ही युक्ती बेहद्द आवडते, कारण एकदा भराव फोडला आणि जमीन शंभर मालकांत वाटली गेली की तसा सलग पट्टा पुन्हा जुळवणं केवळ अशक्य. आपल्याकडे मार्ग सोडलेलाच नाही. नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज टाकलं; डभोई–चांदोदची लाइन तर पुढे केवडियापर्यंत नेऊन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्याला गाडी हवी की मला सायकलवाट, असा कौल लावला तर मी गाडीच्या बाजूने हात वर करीन.

तरी वळण सरळ करताना जुन्या मार्गाचा एखादा तुकडा बाजूला पडतोच. खडी नेलेली, बाभळी माजलेल्या, कुठे एखादा मोरीचा छोटा पूल. त्यावर चार किलोमीटर सायकलवाट करायला कुणाचं काय जातं? प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कात नॅरोगेजचा सरंजाम ठेवला आहे, तो बघून या आणि मग एखाद्या सकाळी डभोईच्या हिरा भागोळ या जुन्या वेशीपर्यंत सायकल काढा. हमरस्त्याने नको, ट्रकवाले जीव घेतील. आतल्या गावांतून जा.

प्रश्न : काका, राग मानू नका, पण संडासाचं काय? कुणी लिहीतच नाही. – एक वाचक, वाडी, बडोदा

उत्तर : राग कसला, हाच तर खरा प्रश्न. गाडीखाली दोन टाक्या असतात. काळी म्हणजे ब्लॅक टँक संडासाची, आणि ग्रे टँक मोरी-बेसिनची. काळीची झडप रोज उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते तळाशी बसतं. दोन तृतीयांश भरेपर्यंत थांबा, मग डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) जाडी नळी जोडा, आधी काळी मोकळी करा, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे जाड घ्या. नळी जोडली आहे याची खात्री झडप ओढायच्या आधी करा, नंतर नव्हे. आणि थंडीत हे काम भर दुपारी उरका, झडप रात्री गोठलेली असते.