कोल्हापुरात आज हौसेनं निसर्गचित्रं काढणारं, फारसं नाव न झालेलं कोणी आहे का?

आहे. माझी आत्या.

आम्ही गवळी. शनिवार पेठेतल्या गवळी गल्लीत तिचं माहेर. पहाटे उठून वैरण, मग गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढायची, आणि ऊन चढलं की म्हसरं पाण्यावर. ती लहानपणी त्यांच्या मागं रंकाळ्यावर जायची. चित्रकला कुठं शिकली नाही. मुलं मार्गी लागल्यावर तिनं जलरंग हातात घेतले.

तिची चित्रं कळायला आधी कोल्हापूरची तळी माहीत हवीत. म्हशीला ऊन सोसत नाही. डुंबायला मिळालं नाही की दूध कमी होतं. म्हणून गवळ्याला तळं लागतंच. कपिलतीर्थ बुजलं, तिथं मंडई झाली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थाकाठी राहिले आणि तिथलं पाणी रंगवत राहिले. त्यांच्यामुळं ते तळं निदान चित्रात तरी नीट राहिलं. गवळ्यांच्या पाणवठ्यांच्या वाट्याला असं कोणी फारसं आलं नाही.

रंकाळ्याची चित्रं ढीगभर मिळतात: संध्यामठ, शालिनी पॅलेस, मावळतीचं ऊन. म्हैस मात्र क्वचितच. आत्याच्या चित्रात ती असतेच, आणि बरोबर असते. डुंबणाऱ्या म्हशीची फक्त पाठ, शिंगं आणि नाकपुड्या वर दिसतात. आत्या काळा रंग वापरत नाही. गडद निळ्यात तपकिरी मिसळते, कागद ओला असतानाच पाठ ओढते आणि ओल्या पाठीवरची चकाकी म्हणून कागदाची बारीक पांढरी पट्टी तशीच सोडते. ती पट्टी बघितली की म्हैस नुकतीच पाण्यातून वर आली हे कळतं. हे म्हशी राखलेल्या माणसालाच जमतं, असं माझं ठाम मत आहे.

ती चित्रं विकत नाही, गल्लीतल्या घराघरांत देते. तुम्हाला कोल्हापूरची निसर्गचित्रं बघायचीच असतील, तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. या सिनेनटानं आपलं घर चित्रांसकट शासनाला दिलं. आणि दिवाळीच्या पाडव्याला या. त्या दिवशी गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. आमच्या दावणीच्या म्हशींची शिंगं आत्याच रंगवते.